रेडिओवरचं भांडेपुसणं

अकोल्यातल्या स्त्रियांच्या प्रगतीचा इतिहास कोणी लिहायला घेतलाच, तर त्यात मनकर्णाबाईचं नाव सापडणार नाही. असे इतिहास लिहिणारी मंडळी बैठकीच्या खोलीत बसून लिहितात. त्या काळी अकोल्यातल्या बऱ्याच बैठकीच्या खोल्यांमध्ये मनकर्णाबाई नसली तरी तिच्या हातचं विणकाम होतं. कुठं रेडिओवर, कुठं शिवणयंत्रावर, कुठं फुलदाणीखाली. पाहुणे ते पाहून "वा, काय नक्षी आहे" म्हणत आणि चहा पीत. ती सगळी भांडी पुसायची फडकी होती. एवढी एक गोष्ट सोडली, तर तिच्या कौतुकात कोणी काही कमी ठेवलं नव्हतं.

मनकर्णा लग्न होऊन बडनेऱ्याच्या रेल्वे चाळीत आली ती स्वातंत्र्याच्या थोडी आधी. नवरा श्रावण रेल्वेत पॉइंटमन होता. गाडी कोणत्या रुळावर जायची ते त्याच्या हातात, आणि त्यानं स्वतः कोणत्या गावी जायचं ते साहेबाच्या हातात. दोघंही वेशीबाहेरच्या वस्तीत वाढलेले. चाळीच्या नळावर पाणी भरायला त्यांच्यासारख्यांची वेळ वेगळी होती. सगळ्यांचं भरून झालं की ती सुरू होई, आणि बहुतेक वेळा नळही तेव्हाच जाई. स्टेशनवर मात्र श्रावणनं दिलेल्या रुळावरून सगळ्या जातींची माणसं मुकाट्यानं जात असत, त्याबद्दल कधी कोणाची तक्रार आली नाही.

मनकर्णाला पहिलं काम मिळालं ते एका गार्डसाहेबाच्या बंगल्यावर. गार्डसाहेब अर्धा गोरा होता आणि त्याची मडम त्याहून जरा कमी. पण आपण मूळच्या विलायतेच्या असून चुकून बडनेऱ्याला उतरलो आहोत, अशी मडमची पक्की समजूत होती. एवढ्या उंचीवरून पाहणाऱ्याला खालचं सगळं सारखंच दिसतं. स्टेशनमास्तर, खलाशी आणि मोलकरीण या तिघांनाही ती एकाच तोंडानं 'काळे लोक' म्हणायची. मडम कंजूष होती, तोंडाची फाटकी होती, पण मनकर्णा तिच्या स्वयंपाकघरात समोरच्या दारानं जायची, काचेच्या बशा धुवायची, पुसायची आणि फळीवर रचायची. धुतलेल्या बशीवर कोणी पाणी शिंपडत नसे. मनकर्णाला आधी याची भीतीच वाटली. मग सवय झाली, आणि ती सवय पुढं फार महागात पडली.

त्या बशा ज्या फडक्यानं पुसायच्या ते मडम स्वतः विणायची. आपल्याकडं बायका क्रोशाची सुई हातात घेतात ती दाराला तोरण लावायला, तोरणात दोन मोर नाचवायला आणि मोरांच्या मध्ये 'सुस्वागतम्' लिहायला. मडमला स्वागताची हौस नव्हती. ती गिरणीचं जाड, न रंगवलेलं सूत घेई आणि त्याचं चौकोनी, साधं फडकं विणी. रीत अगदी सोपी. आधी वीतभर लांबीची साखळी घालायची. मग साखळीवर एक बुटका खांब, एक उंच खांब, पुन्हा बुटका, पुन्हा उंच. परतीच्या ओळीत बुटक्याच्या डोक्यावर उंच आणि उंचाच्या डोक्यावर बुटका. फूल नाही, जाळी नाही, काही नाही. पण असं विणत गेलं की कापडाला दोन्ही बाजूंनी दाणे येतात, अंगणात ज्वारी पसरल्यासारखे, आणि त्या दाण्यांच्या फटीत पाणी जाऊन बसतं. ओल्या ताटावरून एकदा फिरवलं की ताट कोरडं होतं.

मडमनं हे मनकर्णाला शिकवलं ते विद्यादानाचं पुण्य मिळावं म्हणून नाही. तिची बोटं दुखायला लागली होती आणि फुकट विणून देणारं कोणी तरी पाहिजे होतं. मनकर्णानं दोन-चार ओळी उसवल्या, मडमच्या शिव्या खाल्ल्या आणि मग असं विणू लागली की मडमनं सुई पुन्हा हातात घेतलीच नाही. पुढं इंग्रज गेले आणि त्यांच्या मागोमाग गार्डसाहेबही ऑस्ट्रेलियाला गेला. जाताना मडमनं मनकर्णाला ती लोखंडी सुई आणि एक न उघडणारी छत्री बक्षीस दिली.

त्यानंतर मनकर्णानं इतरांच्या घरी भांड्यांची कामं धरली तेव्हा तिला मडमची किंमत कळली. ही घरं आपल्या माणसांची होती. तिथं मोलकरीण मागच्या दारानं यायची आणि परसातच थांबायची. ती राखेनं भांडी घासून दगडावर पालथी घालायची. मग घरातली बाई येऊन त्यांच्यावर पाणी शिंपडायची, पुन्हा विसळायची आणि आत न्यायची. मनकर्णा रोज ते पाहायची. मनातून तिला फार लागायचं. आपल्या हातची एक तरी वस्तू अशी असावी की जी पाणी न शिंपडता त्या उंबऱ्याच्या आत जाईल आणि रोजच्या वापरात राहील, एवढीच एक इच्छा तिच्या मनात बसली. लोक सोन्याच्या बांगड्या मागतात, काशी मागतात. हिला दुसऱ्याच्या चुलीजवळ स्वतःचं फडकं टांगलेलं पाहिजे होतं.

छप्पन साली दोघं नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आली. घरातले देव गेले आणि त्यांच्याबरोबर परक्यांची भांडीही गेली. श्रावणनं साफ सांगितलं, "आता कोनाचे भांडे घासाचे नाई." मनकर्णालाही तेच पाहिजे होतं. दोन वर्षांनी श्रावणची बदली अकोल्याला झाली. क्वार्टर मिळालं, दुपार मोकळी मिळाली आणि अकोल्याचं सूत तर काय, गिरणीच्या गावचंच. तिनं सुई बाहेर काढली. फडक्यांची चळत वाढू लागली. ती चळत दारावरून जाणाऱ्या आशाबाईंनी एके दिवशी पाहिली.

आशाबाई म्हणजे वामनराव वकिलांच्या पत्नी आणि नव्या महिला मंडळाच्या अध्यक्षा. माहेर बाळापूरचं, पण दोन वर्षं पुण्यात शिकल्या होत्या आणि तेव्हापासून त्या पुण्याचंच बोलत. मंडळात सर्व समाजाच्या भगिनी असाव्यात असं त्यांच्या मंडळाच्या पत्रकात छापलेलं होतं, आणि सर्व समाजापैकी एक समाज अजून आला नव्हता. मनकर्णा सापडल्यामुळे पत्रक पूर्ण झालं. मंडळाच्या सभा वकिलांच्या बंगल्याच्या ओसरीवर भरत. तिथं मनकर्णाला खुर्ची मिळे, बोलायला मिळे, चहाही मिळे. तिचा कप निळ्या फुलाचा होता आणि तो ओसरीच्या कोनाड्यातच राहायचा. "तो खास पाहुण्यांचा कप आहे," असं वामनराव सांगत. खास पाहुणीनं तो स्वतः विसळून पुन्हा कोनाड्यात ठेवायचा असे. वामनरावांना अस्पृश्यतेचा कायदा कलमांसकट तोंडपाठ होता. त्यात आपल्या आईच्या स्वयंपाकघराविषयी एकही कलम नाही, हेही त्यांना ठाऊक होतं.

मंडळाचं पहिलं हस्तकला प्रदर्शन भरलं तेव्हा टाऊन हॉलमध्ये एवढे मोर नाचत होते की पाहुण्यांना वाट मिळेना. त्या मोरांच्या गर्दीत मनकर्णाचं पांढरं, दाण्यादाण्यांचं फडकं ठेवलेलं. उद्घाटनाला आलेल्या कलेक्टरसाहेबांच्या बाई त्याच्यासमोर थांबल्या. मोर पाहून त्यांचे डोळे थकले असावेत. त्यांनी फडक्यावरून हात फिरवला आणि इंग्रजीत काहीतरी छान म्हणाल्या. लगेच सगळ्या मंडळाला ते छान दिसू लागलं.

"मनकर्णाबाई, काय सुरेख रुमाल आहे हो हा," आशाबाई म्हणाल्या. "आमच्या रेडिओवर अगदी शोभून दिसेल."

"बाई, तो रुमाल नाई. भांडे पुसाचं फडकं हाय ते."

आशाबाई हसल्या. "तुम्ही फारच विनयशील आहात."

मनकर्णानं पुन्हा सांगितलं. साहेबांच्या बाईंनाही सांगितलं, मोडक्यातोडक्या इंग्रजीत, मडमच्या तोंडून ऐकलेले दोन शब्द वापरून. बाईंना ते कळलं आणि त्या आणखी खूश झाल्या. पण आशाबाईंना ते कळूनही कळलं नाही. सुबक वस्तू भांड्याला लावायची म्हणजे त्यांना ती फुकट गेल्यासारखी वाटे. फडक्याला पहिलं बक्षीस मिळालं, 'टेबलावरील रुमाल' या विभागात.

मग काय विचारता. वकिलांच्या रेडिओवर आहे म्हटल्यावर डॉक्टरांच्या रेडिओवर पाहिजे, डॉक्टरांच्या आहे म्हटल्यावर कापसाच्या जिनवाल्यांच्या. ज्यांच्याकडं रेडिओ नव्हता त्यांनी ट्रंकेवर घातलं. रेडिओ येईल तेव्हा रुमाल तयार असावा म्हणून एकीनं तर कपाटात घालून ठेवलं. मनकर्णा प्रत्येकीला देताना सांगायची, "बाई, भांडे पुसाले वापरा, लय पानी पेते," आणि प्रत्येक बाई मान डोलवून ते रेडिओवर घालायची. प्रत्येकीनं ते नक्षीसाठीच रेडिओवर घातलं असं मात्र नव्हे. काही जणींना ते काय आहे हे चांगलं ठाऊक होतं. बैठकीतल्या वस्तूला कोणाचाही हात लागलेला चालतो. स्वयंपाकघरातल्या वस्तूचं तसं नसतं. कौतुक करून एखादी वस्तू उंच ठेवून दिली की ती आत न्यावी लागत नाही, ही सोय त्यांना आयतीच मिळाली.

मनकर्णाला ही सोय कळायला वेळ लागला नाही. श्रावणला तर ती आधीच कळली होती.

"तू दुसऱ्याइचे भांडे सोडले," तो एकदा जेवताना म्हणाला, "अन् आता त्याइच्याच भांड्याइसाठी फडके विनून राहिली. काहून?"

"घासाले जानं येगळं."

"अन् हे काय येगळं हाय? त्याइले तुहं फडकं आत नाई पाहिजे."

"म्हनूनच विनून राहिली," ती म्हणाली. श्रावणनं ताट पुढं सरकवलं. ते ताटही एका जुन्या लुगड्याच्या चिंधीनं पुसलेलं होतं, कारण सगळी चांगली फडकी रेडिओंकडं जात होती.

मध्ये एक सहभोजनही झालं. जानेवारीत झेंडावंदनानंतर वामनरावांनी ते स्वतःच्या अंगणात घातलं. सगळे एका पंक्तीला बसले, शेजारी शेजारी, खरंच बसले. पत्रावळी होत्या, मातीचे पेले होते आणि स्वयंपाकाला भाड्याचा आचारी होता. ग्रामीण वातावरणासाठी पत्रावळी ठेवल्या, असं वामनराव म्हणाले. त्यामुळे जेवणानंतर घरात न्यावं, धुवावं, पुसावं असं काहीच उरलं नाही. पत्रावळी उकिरड्यावर गेल्या, पेले फुटले आणि समता पार पडली. फोटो वर्तमानपत्रात आला. त्यात वामनराव पूर्ण आले होते आणि मनकर्णाचा पदर आला होता. त्या दिवशी तिनं नवं विणलेलं फडकं वकिलांकडं दिलं होतं. तेही संध्याकाळी रेडिओवरच गेलं, आधीचं जरा मळलं होतं म्हणून.

आता या घरातली खरी मालकीण राहिली ती सांगायला पाहिजे. वामनरावांची आई गोदाबाई. वय झालेलं, नजर अधू, गुडघे गेलेले, पण सोवळं कडक. स्वयंपाकघर आणि परस हे तिचं राज्य, आणि त्या राज्यात वामनरावांची वकिली चालत नसे. पितळेची भांडी हा तिचा जीव. मोलकरणीनं घासून दिलेलं प्रत्येक भांडं ती शिंपडून, विसळून, स्वतः पुसून आत घ्यायची, कारण पितळेवर पाणी वाळलं की पांढरे डाग पडतात आणि ते डाग तिला अधू नजरेलाही दिसत. त्या दिवाळीला फराळाची भांडी निघाली आणि कोरडं फडकं एकही हाताला लागेना. गोदाबाई तणतणत बैठकीत आली. रेडिओवर तिचा आधीच राग होता. परका पुरुष दिवसभर घरात बोलत असतो, असं ती म्हणायची. तिनं त्या बोलक्या पेटीच्या अंगावरचं फडकं ओढलं, आत नेलं आणि पितळेचं मोठं पातेलं, म्हणजे तिचा गंज, पुसला. मग परात पुसली. मग देवाचं ताम्हन पुसलं. एकाही भांड्यावर ठिपका राहिला नाही. गोदाबाईनं फडकं चुलीजवळच्या खुंटीवर टांगलं आणि त्या दिवसापासून ते तिथंच राहिलं.

"कुठून आनलं वं हे?" तिनं सुनेला विचारलं.

मंडळात कोण कोण येतं हे आशाबाईंनी सासूबाईंना सांगितलेलं नव्हतं, आणि सहभोजनही नुसती झेंडावंदनाची पंगत म्हणून खपवलं होतं. ओसरीवरच्या बायकांकडं पाहून गोदाबाईला काही कळायचं नाही, आणि कळू नये अशीच व्यवस्था होती. खरं सांगितलं तर सगळी भांडी बाटली असं होणार, सासूबाई जेवण सोडणार, आणि अध्यक्षांच्या घरचा तमाशा गावभर होणार. "पुण्याहून," आशाबाई म्हणाल्या. "माझ्या मावशींनी पाठवलंय." सुधारणेचं सगळं काही पुण्याहूनच येतं, त्यामुळे गोदाबाईला ते पटलं.

मनकर्णाला हे थंडीत कळलं. रेडिओ उघडा दिसला म्हणून तिनं सहज विचारलं, आणि आशाबाईंनी तिला ओसरीच्या टोकाला नेऊन हळू आवाजात सगळं सांगितलं. मनकर्णाचं तोंड एकदम उजळलं.

"आत वापरून राहिले? चुलीपाशी?"

"रोज. सासूबाई म्हणतात, आणखी चार तरी मागव. तुम्ही द्या विणून. पण त्यांना बोलू नका हं, तुमचं आहे म्हणून." आशाबाईंनी दाराकडं एकदा पाहून घेतलं. "आणि हे बघा, मंडळाचा विणकामाचा वर्ग सुरू होतोय. मी तुमचंच नाव घालणार आहे, शिक्षिका म्हणून. वर्ग इथंच भरेल. तेव्हा घरात उगाच वातावरण बिघडायला नको."

वर्ग, शिक्षिका आणि वातावरण हे तीन शब्द त्यांनी एका दमात म्हटले, आणि त्यांचा एकमेकांशी काय संबंध आहे ते मनकर्णाला समजलं. ती घरी आली. रात्री जेवताना श्रावणला सांगितलं. मनकर्णाला फार आनंद झाला होता आणि फार वाईटही वाटत होतं. तिचं फडकं पाणी न शिंपडता आत गेलं होतं खरं, पण ती आत गेली नव्हती. आत पुण्याची मावशी गेली होती, आणि तीही नसलेली मावशी. गप्प राहिलं तर वर्ग मिळणार होता. वकिलाच्या ओसरीवर, चांगल्या घरच्या पोरींना शिकवणारी बाई म्हणून ती बसणार होती. तिनं गप्प राहायचं ठरवलं. चार फडकी विणायला घेतली आणि कधी नव्हे ते तिच्या हातून चुका होऊ लागल्या.

चैत्राच्या उन्हात ती फडकी घेऊन मनकर्णा बंगल्यावर गेली. ओसरीवर कोणी नव्हतं. मागून भांड्यांचा आवाज येत होता म्हणून ती वळसा घालून परसात गेली. नळाच्या दगडापाशी गोदाबाई एकटीच पाटावर बसून भांडी पुसत होती.

"कोन व्हय वं?"

"मी मनकर्णा. श्रावण पॉइंटमनच्या घरची. सुनबाईच्या मंडळातली."

गोदाबाईनं डोळे बारीक केले. पॉइंटमन म्हणजे कोणत्या वस्तीतला हे तिला कळायला पूर्ण नजर लागत नव्हती. "सून नाई घरी," ती म्हणाली. "पन उन्हात काहून उभी हायस? तिथं निंबाखाली थांब. इकडं नको येऊ, भांडे हायेत."

माया आणि विटाळ दोन्ही तिनं एकाच दमात उरकलं. मनकर्णा निंबाखाली थांबली.

"मंडळात विनकाम करता म्हने तुमी," गोदाबाई पुसता पुसता म्हणाली. "तुले येते का काई?"

"येते."

"मंग हे पाय." तिनं हातातलं फडकं वर धरलं. "पुन्याहून आलं हाय. पानी कसं पेते, काय सांगू तुले. आपल्या इकडच्या बायाइले मोर येते, तोरन येते, कामाचं काई येत नाई. पुन्याच्या बायाइचं डोकंच येगळं."

मनकर्णानं फडकं पाहिलं. हळदीनं पिवळं झालेलं होतं. मधले दाणे झिजले होते. एक कोपरा उसवला होता आणि म्हातारीनं तो अधू नजरेनं, जाड्या दोऱ्यानं शिवून घेतला होता. आजपर्यंत तिच्या हातचं एकही फडकं कोणी असं झिजवलं नव्हतं. तिचे डोळे भरून आले. वर्गाचं ती विसरली नव्हती. वर्ग तिला चांगला आठवत होता. पण पुण्याच्या बाया तिला सोसवल्या नाहीत.

"आजी, ते पुन्याचं नाई. माह्या हातचं हाय."

"कोनाच्या?"

"माह्या. तुमच्या सुनबाईनं रेडिओवर टाकलं होतं. मी भांडे पुसालेच विनलं होतं."

गोदाबाईचा हात थांबला. तिनं फडक्याकडं पाहिलं, मग समोरच्या भांड्यांकडं. "दिवाळीपासून," ती स्वतःशीच म्हणाली. "देवाचं ताम्हन बी."

"चांगलं पुसलं जाते त्यानं," मनकर्णा म्हणाली.

गोदाबाईनं फडकं दगडाच्या कडेला टाकलं आणि गुडघ्यांवर हात टेकून उठली. आतून चिंचेचा वाडगा आणला, राख आणली, गोमूत्राची बाटली आणली. मग तिनं सुरुवात केली. पुसून झालेले तांबे, गंज, परात, झारा, ताम्हन, सगळं पुन्हा ओढलं आणि एकेक भांडं चिंचेनं घासलं, राखेनं घासलं, तीनदा विसळलं आणि गोमूत्र शिंपडून बाजूला ठेवलं. म्हातारीला धाप लागली, पदर घामानं भिजला, पण एक चमचा सोडला नाही. मनकर्णा निंबाखालून सगळं पाहत होती. तिनं निघून जायला पाहिजे होतं. राग आला होता, रडूही येत होतं, आणि वर्गही गेल्यात जमा होता. पण पाय निघेनात. चार कोरी फडकी हातात तशीच होती.

शेवटी सगळं शुद्ध झालं. भांडी ओळीनं उन्हात निथळू लागली. गोदाबाई पाटावर टेकली. पितळेवर पाणी वाळायला लागलेलं तिला दिसलं, आणि तिचा हात सवयीनं दगडाच्या कडेकडं गेला. तिनं फडकं उचललं. आधी ताम्हन पुसलं, आतून, बाहेरून, उजेडात धरून पाहिलं. मग तांबे. मग गंज. एकेक शुद्ध भांडं ती त्याच फडक्यानं कोरडं करून आतल्या बाजूला, उंबऱ्यापाशी रचत गेली. बाटवणं आणि शुद्ध करणं ही दोन्ही कामं एकाच फडक्यानं होत होती आणि तिच्या ध्यानातही नव्हतं. मनकर्णानं तोंडाला पदर लावला. शेवटी परात राहिली. फडकं आता चिंब झालं होतं, नुसतं पाणी फिरवत होतं.

"आजी," मनकर्णा म्हणाली, "ते फडकं वलं झालं. हे कोरडं घ्या."

गोदाबाईचा हात परातीवर थांबला. तिनं फडक्याकडं पाहिलं, उंबऱ्यापाशी रचलेल्या भांड्यांकडं पाहिलं, चिंचेच्या वाडग्याकडं पाहिलं. वाडगा रिकामा होता. मग तिनं ओसरीच्या बाजूला नजर टाकली, कोणी आलं नाही ना म्हणून.

"ठेव तिथं दगडावर," ती हळूच म्हणाली. "अन् सुनेले नको सांगू."

मनकर्णा निंबाखालून निघाली आणि नळाच्या दगडापर्यंत गेली. या घरातल्या भांड्यांच्या इतक्या जवळ तिला कोणी येऊ दिलं नव्हतं.

"सांगीन," ती म्हणाली. "साऱ्याइले सांगीन."

आणि कोरडं फडकं दगडावर न ठेवता तिनं ते म्हातारीच्या ओल्या हातात दिलं. गोदाबाईनं ते घेतलं, आणि अर्धी राहिलेली परात पुसायला लागली.